चांदीच्या शाईचा हिशेब

आमच्या घरी सकाळचा चहा होण्याआधी एक छोटासा कार्यक्रम असतो. अम्मीच्या बोटाला बारीक सुई टोचायची, रक्ताचा थेंब एका चिंचोळ्या पट्टीच्या टोकाला लावायचा आणि काही सेकंदांनी यंत्रावर उमटलेला साखरेचा आकडा वहीत लिहून ठेवायचा. अम्मीचं वय ऐंशीच्या पुढं. सुई टोचल्याचं तिला काही वाटत नाही. पट्टी टाकून देताना मात्र ती रोज न चुकता म्हणते, "गेले वीस रुपये!"

एका रविवारी हा कार्यक्रम चालू असतानाच माझा भाचा आला. त्याचा स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा धंदा आहे. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, दुकानांचे स्टिकर. पिशव्या आणि स्टिकर अजून चालतात, पण पत्रिका आता लोक मोबाइलवरच पाठवतात. उरलेल्या पत्रिका शहरातली डिजिटल यंत्रं तासाभरात छापून देतात. जागेचं भाडं आणि कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतोच. तो म्हणाला, "मामू, तुम्ही वाचणारे. आता शाईनं इलेक्ट्रॉनिक्स छापतात म्हणे. यात धंदा आहे, की नुसती हवा?"

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. शाईशी माझा संबंध अक्षरांपुरता. पण प्रश्न पोटाचा होता. म्हणून चार ठिकाणी वाचलं, जाणत्यांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज आपल्यापुढं ठेवतो. पहिलं उत्तर मात्र तेव्हा अम्मीच्या हातातच होतं. भाच्याला म्हटलं, "नानीच्या हातातली ती पट्टी बघ. तिच्यावर काळ्या रेघा दिसतात ना? त्या छापलेल्या आहेत. तुझ्याकडं आहे तशाच जाळीतून."

शाईत असतं काय?

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे काय, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. रांगोळीची भोकांची चाळणी जमिनीवर ठेवायची, वरून रांगोळी फिरवायची; जिथं भोकं उघडी तिथं नक्षी उतरते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चाळणीच्या जागी लाकडी किंवा धातूच्या चौकटीवर ताणलेली बारीक जाळी असते आणि रांगोळीच्या जागी शाई. रबराच्या पट्टीनं शाई दाबून ओढली, की उघड्या भोकांतून ती खालच्या कागदावर उतरते.

आता साध्या शाईच्या जागी अशी शाई घ्या, जिच्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण घोटलेले आहेत. प्लॅस्टिकच्या पातळ कागदावर तिची रेघ ओढा आणि भट्टीत साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअसला तापवा. द्रावण उडून जातं, कण एकमेकांना चिकटतात आणि त्या रेघेतून वीज वाहू लागते. ती रेघ म्हणजे तार झाली. चांदीऐवजी कार्बनची शाई घेतली, तर वीज थोडी अडखळत जाते. तोही उपयोगाचा गुण आहे. वीज अडवणारी शाई असते, विजेनं उजळणारी शाई असते. आणि ज्यांच्यापासून ट्रान्झिस्टर करता येतो अशा अर्धवाहक शायाही आहेत. या सगळ्या एकावर एक छापून काम करणारी वस्तू तयार करायची, याला म्हणतात प्रिंटेड इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे छापील इलेक्ट्रॉनिक्स.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. रेडिओ किंवा टीव्ही उघडला की आत जो हिरवा बोर्ड दिसतो, त्यालाही प्रिंटेड सर्किटच म्हणतात. पण त्यावरचं तांबं सहसा छापलेलं नसतं. अख्ख्या तांब्याच्या पत्र्यावर नक्षी आखून नको असलेलं तांबं रसायनानं खाऊन टाकलेलं असतं. ही पद्धत रूढ करणारा पॉल आइस्लर हा व्हिएन्नाचा अभियंता छपाईच्या धंद्यात काम केलेला होता. मूर्तिकार दगड कोरतो तसं ते काम. खरी छपाई म्हणजे रांगोळी घालणं. हवं तिथंच घालायचं. काढून टाकायला काही उरत नाही.

ही रांगोळीही काही आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या टोकात बसवायच्या छोट्या रेडिओ-यंत्रासाठी अमेरिकेत चिनी मातीसारख्या पट्ट्यांवर चांदीच्या शाईनं तारा आणि कार्बनच्या शाईनं रोधक छापले गेले होते. म्हणजे ही विद्या ऐंशी वर्षांची झाली.

स्वप्न आणि दिवाळं

मग अलीकडं एवढा गाजावाजा का झाला? १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की विशिष्ट प्रक्रिया केलेलं प्लॅस्टिक वीज वाहू शकतं. २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. प्लॅस्टिक वीज वाहतं, प्लॅस्टिक विरघळवून शाई करता येते, आणि शाई आली की छपाई आली. झालं! वर्तमानपत्राच्या कागदासारखी मैलोन् मैल इलेक्ट्रॉनिक्स छापून निघेल, दुधाच्या पिशवीवर चिप छापली जाईल, भिंतीचा कागदच दिवा होईल, असं सगळीकडं बोललं जाऊ लागलं. गुंतवणूकदारांनी थैल्या मोकळ्या केल्या. पुढं काय झालं, याची तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं कोनार्का या कंपनीचं. २००१ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ती निघाली. नोबेल मिळालेले हीगर तिच्या संस्थापकांपैकी. नावाचा धागा आपल्याकडचा. ते ओडिशातल्या कोणार्कच्या सूर्यमंदिरावरून घेतलेलं. प्लॅस्टिकच्या गुंडाळीवर सौरपट्टी छापायची, असा बेत. पोलरॉइड कंपनीचा जुना कारखाना त्यासाठी मिळाला. पट्टी छापलीही गेली. पण तिच्यावर पडलेल्या उन्हाची वीज व्हायची ती एकअंकी टक्क्यांत आणि आयुष्यही थोडं. त्याच काळात चीनमधून येणारे सिलिकॉनचे सौरपत्रे भराभर स्वस्त झाले. २०१२ मध्ये कोनार्कानं दिवाळखोरी जाहीर केली.

दुसरं उदाहरण इंग्लंडच्या केंब्रिजमधलं. २००० साली प्लास्टिक लॉजिक ही कंपनी विद्यापीठातल्या संशोधनातून उभी राहिली. प्लॅस्टिकच्या ट्रान्झिस्टरवर चालणारा, न फुटणारा वाचन-पडदा करायचा होता. जर्मनीत ड्रेस्डेनला २००८ साली कारखाना झाला. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी 'क्यू' नावाचं वाचनयंत्र जगाला दाखवलं. त्याच महिन्यात अॅपलनं आयपॅड दाखवला. 'क्यू' बाजारात येता येता लांबत गेलं आणि ऑगस्टमध्ये रद्दच झालं.

तिसरी गोष्ट लेबलाची. अमेरिकेतल्या वॉलमार्टनं २००३ साली आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना सांगितलं, की २००५च्या जानेवारीपासून खोक्यांवर रेडिओ लेबल लावा. मग अब्जावधी लेबलं लागणार, ती सिलिकॉनची कशी परवडतील, छापूनच करावी लागतील, असा हिशेब अनेकांनी मांडला. कोव्हिओ नावाच्या कंपनीनं सिलिकॉनचीच शाई करून पाहिली. २०१४ मध्ये तिचं तंत्र आणि सामग्री नॉर्वेच्या थिनफिल्मनं घेतली. २०१९ मध्ये थिनफिल्मनंही लेबलांचा नाद सोडला. आज जगभर कपड्यांवर, खोक्यांवर रेडिओ लेबलं आहेत, पण त्यांच्यातली चिप साधी सिलिकॉनचीच आहे.

फुटाचा भाव आणि नगाचा भाव

एवढे हुशार लोक, एवढा पैसा. मग गणित चुकलं कुठं? मला समजलं ते असं. छपाई स्वस्त पडते ती चौरस फुटानं. सिलिकॉन स्वस्त पडतं नगानं.

सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या एका चकतीवर प्रक्रिया करणं फार महागडं काम. पण लेबलाची चिप अर्धा मिलिमीटर बाजूची धरली, तर एका चकतीतून दोन लाखांहून जास्त चिपा निघतात. चकतीचा खर्च दोन लाखांत वाटला की एका चिपेच्या वाट्याला किती उरतो? चिप जितकी लहान, तितकी स्वस्त. छपाईला हे लहान होणंच जमत नाही. स्क्रीनमधून उतरलेली बारीक रेघ साधारण ५० ते १०० मायक्रॉनची, म्हणजे केसाएवढी. नव्या चिपांमधल्या रचना नॅनोमीटरमध्ये मोजतात, म्हणजे हजारो पटींनी बारीक. शिवाय छापलेल्या प्लॅस्टिकच्या अर्धवाहकात विद्युतभार सिलिकॉनच्या मानानं शेकडो पटींनी मंद चालतो.

आणखी एक गोष्ट छापखान्यात उभं राहिलेला कोणीही सांगेल. रविवारची पुरवणी हातात घेतल्यावर कधी कधी एखाद्या नटीला दोन ओठ दिसतात. छपाईचे चार रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत, की असं होतं. माझ्या पहिल्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर एका छापखान्यानं चंद्राला अशीच लाल किनार दिली होती. वाचकांना ती मुद्दाम दिलीय असं वाटलं, एकानं तर कौतुकही केलं! डोळा अशी चूक माफ करतो, वीज करत नाही. ट्रान्झिस्टरचे थर एकमेकांवर केसभर सरकले, की ट्रान्झिस्टर उरत नाही. आणि शंभर थेंबांतला एक थेंब कमी पडला तर चित्र बिघडत नाही, तार मात्र तुटते.

म्हणून जिथं छपाई सिलिकॉनच्या जागी बसायला गेली, तिथं ती हरली. जिथं मोठी जागा भरायची आहे, थर एक-दोनच आहेत, वस्तू वाकवायची आहे किंवा वापरून टाकून द्यायची आहे, तिथं ती निमूटपणे कमावते आहे.

न गाजलेले धंदे

अम्मीच्या पट्टीकडं परत येऊ. १९८७ साली मेडिसेन्स या कंपनीनं पेनाएवढं साखर मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या पट्ट्या स्क्रीननं छापलेल्या होत्या. पट्टीवर कार्बनची रेघ, तिच्या टोकाला साखर ओळखणारं विकर, म्हणजे एन्झाइम. रक्तातल्या साखरेशी विकराची क्रिया होते, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि कार्बनच्या रेघेतून यंत्राकडं जातात. जेवढी साखर, तेवढा प्रवाह. वापरून झाली की पट्टी टाकून द्यायची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे दहा कोटींवर रुग्ण आहेत. त्यातले थोडे लोक जरी घरी साखर तपासत असले, तरी किती पट्ट्या लागत असतील, याचा अंदाज आपणच करावा.

दुसरा धंदा आपल्या छपरांवर आहे. सौरपत्र्याच्या निळसर-काळ्या घटावर बारीक रुपेरी रेघा दिसतात. त्या चांदीच्या लेपानं, बहुतेक ठिकाणी स्क्रीननंच छापलेल्या असतात. सिलिकॉनमध्ये तयार झालेली वीज त्या गोळा करतात. या एका कामासाठी २०२४ साली जगात सुमारे सहा हजार टन चांदी लागली, म्हणजे चांदीच्या एकूण मागणीचा साधारण सहावा भाग. कोनार्काला सिलिकॉन हटवून त्या जागी छपाई आणायची होती. प्रत्यक्षात छपाईनं सिलिकॉनच्याच अंगावर आपली जागा शोधली.

बाकीचे धंदे तर रोजच्या पाहण्यातले. संगणकाचा साधा कीबोर्ड उघडला, तर आत प्लॅस्टिकचे तीन पारदर्शक कागद निघतात आणि त्यांतल्या दोनांवर चांदीच्या शाईची नक्षी असते. कळ दाबली की दोन रेघा मधल्या कागदाच्या भोकातून एकमेकींना भेटतात. वजनकाटा, धुलाई यंत्र, रुग्णालयातली उपकरणं यांच्या चपट्या कळा अशाच. मोटारीच्या मागच्या काचेवर आडव्या तपकिरी रेघा असतात, त्याही छापून भाजलेल्या चांदीच्या. बटण दाबलं की तापून काचेवरचं धुकं घालवतात. सीटवर कोणी बसलं आहे की नाही, हे मोटारीला कळतं तेही कित्येकदा सीटखाली दडवलेल्या छापील चटईमुळं.

मोठी स्वप्नं पूर्ण विझली आहेत असंही नाही. सोनी आणि पॅनासॉनिकच्या विभागांतून २०१५ साली जपानमध्ये जेओलेड ही कंपनी झाली. टीव्हीचा उजळणारा पडदा शाईचे थेंब टाकून छापायचा तिचा प्रयत्न होता. मार्च २०२३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. पण तिचं तंत्र चीनच्या टीसीएल समूहाच्या पडदे बनवणाऱ्या कंपनीनं उचललं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये वुहानला अशा छापील पडद्यांचं उत्पादन सुरू केलं. सुरुवात घरच्या टीव्हीपासून नाही, रुग्णालयात वापरायच्या महागड्या पडद्यापासून. थोडे नग, चांगला भाव. यातही एक धडा आहे.

दोघांनी मिळून करायचं काम

सध्या जाणकारांचा भर आहे तो भांडण मिटवण्यावर. छपाईनं तारा, कळा, तापक आणि संवेदक करावेत आणि विचार करायचं काम सिलिकॉनच्या इवल्या चिपेवर सोडावं. २०२१च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडं टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. तो अशाच जोडीचा नमुना आहे. मोठा अँटेना आणि मोहरीहून लहान चिप. फरक एवढाच, की अशा लेबलांचा अँटेना सहसा अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून कोरून काढतात. कारण साधं आहे. चांदीपेक्षा अॅल्युमिनियम कितीतरी स्वस्त.

या सगळ्या धंद्याची दुखरी नसही चांदीच आहे. २०२५ साली चांदी किलोला दीड लाखाच्याही पुढं गेली. सराफ बाजारात त्याची चर्चा झाली ती दागिन्यांमुळं, पण धाबं दणाणलं ते सौरघट छापणाऱ्यांचं. तांबं स्वस्त असलं, तरी त्याचे सूक्ष्म कण हवेनं काळवंडतात आणि वीज अडते. म्हणून तांब्याच्या कणांवर चांदीचा मुलामा देण्याची खटपट चालू आहे. कल्हई लावलेल्या भांड्यासारखाच हा प्रकार.

आपल्याकडं या विद्येचा अभ्यास नाही असं नाही. पुण्यात केंद्र सरकारची सी-मेट ही प्रयोगशाळा आहे. इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या लेपांवर आणि शायांवर तिथं वर्षानुवर्षं काम चालतं. कानपूरच्या आयआयटीत लवचिक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे. आणि पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात चपट्या कळांचे पडदे छापणारे लहान कारखाने कधीपासून आहेत. त्यांनी आपल्या धंद्याला कधी मोठं नाव दिलं नाही, एवढंच.

भाच्यानं काय केलं?

भाच्याला मी सांगितलं, "चिपेच्या नादी लागू नकोस. कळांच्या वाटेला जा. आणि मागणी हातात आल्याशिवाय यंत्रासाठी कर्ज काढू नकोस." त्यानं चांदीच्या शाईची लहानशी डबी आणली. किंमत ऐकून घरातल्या सगळ्यांनी ती डबी कपाटात ठेवायला लावली! एका वजनकाटेवाल्यानं नमुन्यादाखल शंभर पडदे मागितले.

पहिल्या खेपेला त्यानं पत्रिका वाळवतो तसे पडदे रॅकवर वाळवले. हाताला कोरडे लागले, पण वीज जेमतेम जायची. वाळणं वेगळं आणि भाजणं वेगळं, हे त्याला तेव्हा समजलं. कण जुळायला उष्णता लागते. मग भट्टी आणली. त्यात प्लॅस्टिकचा कागद किंचित आक्रसला आणि दुसरा थर पहिल्यावर बसेना. कोणीतरी सांगितलं, छापण्याआधी कोरा कागद एकदा तापवून घ्या, म्हणजे जे आक्रसायचं ते आधीच आक्रसेल. तेही केलं. शेवटी शंभरातले साठ पडदे पास झाले. चाळीस नापास झाले ते धुळीच्या कणांमुळं. धुळीचा एक कण, रेघेत एक टाचणीएवढं भोक. पत्रिकेवर वधूच्या नावात असं भोक पडलं असतं, तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

तो खट्टू झाला होता. वजनकाटेवाल्यानं मात्र साठांचे पैसे दिले आणि पुढच्या वेळी नव्वद पास करून दाखव म्हणाला. आता भाचा खोलीत चपला घालू देत नाही. प्रत्येक पडदा मीटर लावून तपासतो आणि चुकलेल्याची वहीत नोंद ठेवतो. कर्ज फिटलेलं नाही. पत्रिकांचा धंदाही पूर्ण सोडलेला नाही. या धंद्यात रेघ छापता येणं हे अर्धंच काम आहे. छापलेली प्रत्येक रेघ वीज नेईल अशी हमी देणं हे उरलेलं अर्धं, आणि भाव मिळतो तो त्याचा. मोठ्या कंपन्यांना जे कोट्यवधी डॉलर घालवून कळलं, ते त्याला एका डबीत कळलं.

परवा तो पुन्हा सकाळीच आला. अम्मीच्या डब्यातली एक कोरी पट्टी घेऊन खिडकीपाशी गेला आणि भिंगाखाली धरून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मामू, रेघांची कड बघा, कुठं फाटलेली नाही. यांची जाळी किती बारीक असेल!"

आतून अम्मीचा आवाज आला, "बघून झालं की जागेवर ठेव रे. वीस रुपयांची आहे ती."

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)